इंदूरची तरुण पिढी आणि दारू : लपवाछपवी संपली, पुढं काय?

इंदूरच्या जुन्या मराठी वस्त्यांत, रामबाग असो की लोकमान्य नगर, दारू हा विषय वर्षानुवर्षं दबक्या आवाजातच बोलला जायचा. पिणारे नव्हते असं नाही. प्रत्येक कुटुंबात एखादे काका असायचेच. पण ते ‘बाहेर’ घ्यायचे, घरी उशिरा यायचे आणि सकाळी त्याबद्दल कोणी अवाक्षर काढायचं नाही. आज त्याच घरातला तेवीस वर्षांचा मुलगा आईला सरळ सांगतो, शनिवारी ऑफिसची पार्टी आहे, मी एखादी बिअर घेईन. आणि त्याच घरातली वीस वर्षांची मुलगी तितक्याच सरळ सांगते, मी घेत नाही, मला आवडत नाही, आणि मला आग्रह करणाऱ्यांसोबत मी पुन्हा जातही नाही.

दोन्ही वाक्यं आधीच्या पिढीला अवघड होती. खरा बदल इथं आहे. ‘आजची पोरं फार पितात’ हे एक मत आणि ‘जेन-झीनं दारू सोडली’ हे परदेशी बातम्यांतून आलेलं दुसरं मत. इंदूरला यातलं कुठलंच नीट बसत नाही. पिण्याचं प्रमाण किती बदललं यापेक्षा पिण्याबद्दलची लाज आणि न पिण्याबद्दलची लाज या दोन्ही गोष्टी कमी झाल्या, हे जास्त महत्त्वाचं आहे.

आकडे काय सांगतात

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) पंधरा वर्षांवरच्या पुरुषांत दारू पिणाऱ्यांचं प्रमाण मध्य प्रदेशात सुमारे १७ टक्के, महाराष्ट्रात १४ टक्के, कर्नाटकात साडेसोळा टक्के, गोव्यात जवळजवळ ३७ टक्के, तर तेलंगणात ४३ टक्के आहे. दारूबंदी असलेल्या गुजरातेत ते ६ टक्क्यांच्या आत आहे. अर्थात तिथं सर्वेक्षणवाल्याला ‘हो, मी पितो’ असं किती जण सांगतील हा प्रश्न आहेच. देशपातळीवर १५ ते ४९ वयाच्या पुरुषांत चौथ्या फेरीत (२०१५-१६) २९ टक्के पिणारे होते, पाचव्या फेरीत २२ टक्के नोंदले गेले.

म्हणजे भारतात न पिणारेच बहुसंख्य आहेत, आधीही होते आणि आजही आहेत. हे ध्यानात ठेवलं नाही तर परदेशी बातम्या वाचून गोंधळ होतो. अमेरिकेत गॅलप संस्थेच्या पाहणीत ३५ वर्षांखालच्या लोकांत पिणारे ७२ टक्क्यांवरून वीस वर्षांत ६२ टक्क्यांवर आले, आणि ती तिथं मोठी बातमी झाली. जपानमध्ये तर २०२२ साली कर खात्यानंच तरुणांनी जास्त प्यावं म्हणून कल्पना मागवणारी स्पर्धा काढली, कारण दारूवरचा महसूल घटत होता. त्यांची घसरण उंचावरून होते आहे. आपण मुळात खालीच उभे आहोत. त्यामुळे ‘जगभर तरुण दारू सोडतायत, आपलीच पोरं धरतायत’ हा व्हॉट्सअॅपवरचा उसासा अर्धाच खरा आहे.

आणखी एक गैरसमज. विजय नगरच्या एखाद्या पबबाहेरचा मुलींचा व्हिडिओ फिरला की आठवडाभर चर्चा चालते. पण याच सर्वेक्षणात देशभरात शहरी स्त्रियांत पिणाऱ्या ०.६ टक्के आणि ग्रामीण स्त्रियांत १.६ टक्के आहेत. पुरुषांतही शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण जास्त आहे. पबमधली मुलगी दिसते, कारण तिथं कॅमेरा आहे. मोहाची दारू गाळणाऱ्या पाड्यावर कॅमेरा जात नाही, एवढाच फरक.

काळजी करण्यासारखा आकडा वेगळाच आहे. एम्सच्या व्यसनोपचार केंद्रानं २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत दारू पिणारे सुमारे १६ कोटी निघाले, आणि त्यातल्या ५.७ कोटींना पिण्यामुळे होणाऱ्या त्रासासाठी मदतीची गरज असल्याचं म्हटलं होतं. तीन पिणाऱ्यांमागे एक. पिणारे कमी, पण जे पितात ते भरपूर पितात, असा आपला प्रकार आहे.

तळीरामाची सावली

मराठी मध्यमवर्गाच्या मनात दारूचं जे चित्र आहे ते बरंचसं राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’नं घडवलं. नाटक १९१९ मध्ये गंधर्व नाटक मंडळीनं रंगभूमीवर आणलं, तेव्हा गडकरी हयात नव्हते. त्याच वर्षी जानेवारीत ते गेले होते. हुशार वकील सुधाकर, त्याला बाटलीकडे नेणारा तळीराम, सोसणारी सिंधू. पुढं ‘तळीराम’ हा शब्दच मराठीत पिणाऱ्याचा समानार्थी झाला. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांनी, बडोदा, ग्वाल्हेर, इंदूर इथल्या संस्थानी गावांनी, मराठी नाटक हौसेनं जपलं. त्याबरोबर हा धडाही जपला : पहिला प्याला म्हणजे विनाशाची सुरुवात.

या धड्याचा फायदा झाला हे नाकारण्यात अर्थ नाही. कित्येक घरं त्या भीतीनं वाचली. पण त्याची एक बाजू फारशी बोलली जात नाही. जिथं पिणं म्हणजे थेट सुधाकराचा शेवट, तिथं पिणारा माणूस कधीच सांगत नाही की मला थांबता येत नाहीये. घरचेही सांगत नाहीत. आजार ‘लिव्हरचा त्रास’ होतो, मृत्यू ‘अचानक’ होतो. आजच्या पोरांना तळीराम कोण ते माहीत नाही, आणि त्यांच्यावर ती सावलीही नाही. म्हणूनच ती बोलतात.

माळव्याचं चित्र आणखी वेगळं होतं. इथली जुनी नशा दारूपेक्षा अफू आणि भांग. एकोणिसाव्या शतकात माळव्याच्या अफूचा व्यापार जगभर गाजला, आणि इंदूरच्या सावकारीत त्या पैशाचा मोठा वाटा होता. भांग आजही महाशिवरात्र आणि रंगपंचमीच्या निमित्तानं बिनदिक्कत घेतली जाते. तिला कोणी व्यसन म्हणत नाही. उज्जैनच्या काळभैरवाला तर दारूचाच नैवेद्य. दुसरीकडे शहराची बाजारपेठ चालवणारे जैन, वैष्णव आणि अग्रवाल व्यापारी पक्के शाकाहारी, बरेचसे न पिणारे. महूच्या छावणीतलं वातावरण निराळं, गिरण्यांच्या भागातल्या कलालीचं निराळं. इंदूरची ‘दारूबद्दलची संस्कृती’ अशी एक कधीच नव्हती.

सराफा नावाची सोय

इंदूरच्या तरुणांबद्दल लिहिताना सराफा टाळता येत नाही. दिवसा सोन्याचांदीची दुकानं, आणि ती मिटली की रात्री नऊ-साडेनऊनंतर त्याच ओट्यांपुढं खाण्याच्या गाड्या. भुट्ट्याचा कीस, थंडीत गराडू, दहीवडा, जलेबा आणि आपली साबुदाण्याची खिचडी. मध्यरात्र उलटून जाईपर्यंत गर्दी. आणि सगळं शाकाहारी, दारूशिवाय.

बहुतेक मोठ्या शहरांत रात्री अकरानंतर मित्रांनी भेटायचं तर बार, पब किंवा कोणाचा तरी फ्लॅट हेच पर्याय उरतात. न पिणाऱ्याला तिथं सोडा हातात धरून बसावं लागतं आणि दर दहा मिनिटांनी कारण द्यावं लागतं. इंदूरमध्ये तो मुकाट्यानं ‘चल भिया, सराफा’ म्हणू शकतो. पुण्यात किंवा बंगळूरमध्ये नोकरीला गेलेल्या इंदुरी पोरांना सगळ्यात आधी ही सोय आठवते. दारू सोडा म्हणून कितीही भाषणं द्या. रात्री जायला दुसरी जागा नसेल तर त्यांचा उपयोग मर्यादितच राहतो. हे शहरनियोजनवाल्यांनी लिहून ठेवण्यासारखं आहे.

यातूनच प्रशासनाला एक कल्पना सुचली आणि ती फसलीही. सप्टेंबर २०२२ मध्ये निरंजनपूर ते राजीव गांधी चौक या तेव्हाच्या बीआरटीएस रस्त्यावरची दुकानं आणि खाणावळी चोवीस तास उघडी ठेवायला परवानगी मिळाली. आयटीतल्या आणि कोचिंगच्या पोरांची रात्रीची सोय व्हावी हा हेतू. दारूची दुकानं त्यात नव्हती. तरी रात्री पिऊन फिरणाऱ्या टोळक्यांच्या, हाणामाऱ्यांच्या तक्रारी वाढल्या आणि जुलै २०२४ मध्ये हा ‘नाइट कल्चर’चा प्रयोग बंद झाला. सराफ्यात दुकानदार, गिऱ्हाईक, शेजारी एकमेकांना ओळखतात. अकरा किलोमीटरच्या रुंद रस्त्यावर कोणी कोणाला ओळखत नव्हतं. माझ्या मते फरक तिथं पडला, पहाटेपर्यंत जागण्यात नाही.

सरकार कधी इकडं, कधी तिकडं

तरुणांच्या वागण्याला दोष देण्याआधी त्यांच्या डोळ्यांदेखत धोरण किती वेळा फिरलं ते पाहू.

महाराष्ट्रात ज्याला राज्य उत्पादन शुल्क विभाग म्हणतात त्याला मध्य प्रदेशात आबकारी म्हणतात. २०२२-२३ च्या आबकारी धोरणात देशी आणि विदेशी दारू एकाच दुकानात विकायची मुभा मिळाली, किमती सुमारे २० टक्क्यांनी उतरल्या, आणि वर्षाला एक कोटीच्या वर उत्पन्न असलेल्यांना घरात बार ठेवण्याचा परवाना मिळू लागला. त्याच काळात माजी मुख्यमंत्री उमा भारती दारूविरोधी मोहिमेवर होत्या. मार्च २०२२ मध्ये भोपाळच्या एका दुकानात त्यांनी दगड मारल्याचं देशानं पाहिलं. मग वारं फिरलं. १ एप्रिल २०२३ पासून राज्यातले सगळे अहाते बंद झाले. अहाता म्हणजे दारूच्या दुकानाला लागून बसून पिण्याची जागा. शाळा, वसतिगृहं आणि देवळांपासूनचं दुकानाचं अंतर ५० मीटरवरून १०० मीटर झालं.

अहाते बंद झाल्यावर पिणारे घरी गेले का? थोडे गेले. बाकीचे दुकानापुढच्या फुटपाथवर, मोकळ्या प्लॉटवर आणि गाड्यांत बसू लागले. ‘कार-ओ-बार’ हा विनोद इंदूरमध्ये कोणाला समजावून सांगावा लागत नाही. विनोद असला तरी त्यात जीव जातात, कारण गाडीत पिणारा पुढं गाडीच चालवतो.

पुढचं वळण महेश्वरचं. अहिल्याबाई होळकरांच्या ३०० व्या जयंती वर्षाच्या निमित्तानं २४ जानेवारी २०२५ ला मंत्रिमंडळाची बैठक महेश्वरला झाली आणि १९ धार्मिक ठिकाणी दारूविक्री बंद करायचं ठरलं. १ एप्रिल २०२५ पासून ते लागू झालं. उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर, मंडलेश्वर, मंदसौर, आणि आपल्या सीमेलगतची मुलताई ही त्यातली काही नावं. ही विक्रीवरची बंदी आहे. बिहारसारखा पूर्ण दारूबंदीचा कायदा मध्य प्रदेशात नाही. त्यामुळे काळभैरवाच्या नैवेद्याची बाटली आता भक्ताला बाहेरून आणावी लागते.

गंमत अशी की त्याच वर्षीच्या धोरणात ‘लो अल्कोहोलिक बेव्हरेज बार’ हा नवा प्रकारही आला. तिथं फक्त बिअर, वाइन आणि तयार मिश्रणं, अल्कोहोल १० टक्क्यांपर्यंत, व्हिस्की-रम नाही. एका हातानं तीर्थक्षेत्रातली दुकानं बंद आणि दुसऱ्या हातानं तरुणांच्या आवडीचे हलके बार. सरकारला महसूल हवा, मतंही हवीत.

‘फक्त बिअरच घेतली’

तरुणांची निवड बदलली आहे हे मात्र खरं. आधीच्या पिढीचा पव्वा किंवा अद्धा (महाराष्ट्रात क्वार्टर, चपटी, हाफ), सोबत शेंगदाणे आणि पटकन उरकणं. आताच्यांना बिअर, ब्रीझर, कॉकटेल आणि गप्पा. शून्य अल्कोहोलची बिअरही २०१९ च्या आसपास भारतात मिळू लागली आणि मॉकटेल तर लग्नाच्या प्रत्येक मांडवात आहे. हलकं म्हणून निर्धास्त, असा समज त्यातून पसरला. इथं थोडा हिशेब करू, कारण हा हिशेब शाळेत कोणी शिकवत नाही.

भारतातली व्हिस्की, रम, व्होडका साधारण ४२.८ टक्क्यांची असते. ३० मिलीच्या छोट्या पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल येतं. पव्वा १८० मिलीचा, म्हणजे सहा पेग. आता स्ट्राँग बिअरची मोठी बाटली घ्या : ६५० मिली, ७ ते ८ टक्के. तिच्यात ३६ ते ४१ ग्रॅम अल्कोहोल असतं. म्हणजे साडेतीन ते चार पेग. दोन बाटल्या प्यायल्या की पव्व्याच्या पुढं गेलात, आणि घरी सांगताना ‘फक्त बिअरच घेतली’. ब्रीझरची २७५ मिलीची बाटली साधारण एका पेगाइतकी. १० टक्क्यांचं ३३० मिलीचं पेय अडीच पेग. नावात ‘लो’ आहे म्हणून पोटात लो जात नाही.

यकृत तासाला साधारण एका छोट्या पेगाइतकंच अल्कोहोल निपटतं. लिंबू, कॉफी, थंड पाण्याची अंघोळ, सराफ्यातला दहीवडा, कशानंही हा वेग वाढत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे रक्तात १०० मिलीमागे ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की गुन्हा. पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पुन्हा सापडलं तर पंधरा हजार आणि दोन वर्षं. दोन बिअर प्यायलेला माणूस तासाभरात या मर्यादेत येत नाही.

राज्य बदललं की वय बदलतं

सीमेवरच्या घरांत हा रोजचा घोळ. मध्य प्रदेशात दारू पिण्यासाठी कायदेशीर वय २१. महाराष्ट्रात बिअरला २१ आणि कडक दारूला २५, शिवाय मुंबई दारूबंदी कायदा १९४९ प्रमाणे पिण्याचा परवाना लागतो, जो विचारणारा आणि दाखवणारा दोघंही दुर्मीळ. गोव्यात १८. म्हणजे खंडव्याची किंवा जळगावची १९ वर्षांची मुलगी मैत्रिणींसोबत गोव्यात कायद्यानं घेऊ शकते, इंदूरमध्ये नाही, आणि नोकरीसाठी पुण्यात गेली की व्हिस्कीसाठी आणखी सहा वर्षं थांबायला हवं. मतदान, मुलीचं लग्न, कर्ज सगळं अठराला. अशा कायद्याबद्दल तरुणांच्या मनात आदर कुठून यायचा?

पण वयाची अट निरर्थक आहे असंही नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शे गाडीनं दुचाकीवरच्या दोघांना उडवलं. गाडी चालवणारा १७ वर्षांचा. त्या रात्री त्याला दोन ठिकाणी दारू मिळाली असा आरोप झाला. मेलेले दोघंही मध्य प्रदेशातून पुण्यात आलेले चोवीस वर्षांचे इंजिनिअर, एक मुलगा आणि एक मुलगी. बाल न्याय मंडळानं सुरुवातीला तीनशे शब्दांचा निबंध लिहायच्या अटीवर जामीन दिला तेव्हा देशभर संताप उसळला. इंदूर-भोपाळ-जबलपूरमधून ज्यांची मुलं पुण्यात आहेत त्या घरांत त्या आठवड्यात दारूवर जेवढं बोलणं झालं तेवढं आधी कधी झालं नसेल. आणि ते बोलणं ‘तू पितोस का’ एवढंच नव्हतं. ‘पिऊन कोणी गाडी चालवत असेल तर तू त्या गाडीत बसू नकोस, रात्री दोनला फोन कर, मी काही विचारणार नाही’ असंही आईबाप पहिल्यांदाच म्हणाले.

बाटल्यांच्या ने-आणीबद्दल एक सूचना. जून २०२५ मध्ये महाराष्ट्रानं विदेशी मद्यावरचं शुल्क निर्मितीखर्चाच्या तिप्पटीवरून साडेचारपट केलं. त्यामुळे सीमेपलीकडून ‘दोन बाटल्या आण’ असं सांगणारे वाढले. परवान्याशिवाय परराज्यातली दारू महाराष्ट्रात आणणं हा गुन्हा आहे, मग ती बाटली गोव्याची असो की मध्य प्रदेशची. पकडला जातो तो बहुतेकदा कॉलेजचा पोरगा, ज्याला काकांनी सांगितलेलं असतं.

डोंगरातली दुसरी हाक

इंदूरवरून पश्चिमेला आणि नैर्ऋत्येला झाबुआ, अलीराजपूर, बडवानी आणि पुढं आपलं नंदुरबार. भिल्ल-भिलाला समाजात मोहाची दारू पूजेत, लग्नात, पंचायतीत लागते. आदिवासींना स्वतःपुरती गाळायची कायद्यात सूटही आहे. राज्य सरकारनं तर तिलाच ‘हेरिटेज’ मद्य म्हणून बाटलीत भरून विकायला काढलं. पण गेल्या काही वर्षांत याच भागात समाजातल्या शिकलेल्या तरुणांनी ‘डी-३’ मोहीम चालवली आहे : दारू, दहेज आणि डीजे यांना आळा. गावोगावी बैठका घेऊन लग्नात किती खर्च करायचा, बाहेरची विलायती दारू आणायची नाही, हे ते ठरवतात. त्यांचं म्हणणं नीतीचं कमी आणि हिशेबाचं जास्त. लग्नाचं कर्ज फेडायला गुजरातेत मजुरीला जावं लागतं, ते थांबवायचं आहे.

शहरातल्या ‘सोबर क्युरियस’ वगैरे फॅशनपेक्षा ही चळवळ मला कितीतरी मोठी वाटते. दारूवर तरुणांचं मत बदलतंय असं म्हणताना आपण पबकडेच बघतो. महाराष्ट्रातल्या बायकांनी हेच मतपेटीतून केलं. वॉर्डातल्या किंवा गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी ‘आडव्या बाटली’वर शिक्का मारला की दुकान बंद. निम्मी मतं मिळवणं सोपं नसतं, तरी कित्येक गावांनी बाटली आडवी केली आहे.

दुसऱ्या बाजूला बंदीचा अनुभवही जवळचाच आहे. वर्धा १९७५ पासून, गडचिरोली १९९३ पासून कोरडे. चंद्रपूरची २०१५ ची बंदी २०२१ मध्ये उठली. आणि जिथं स्वस्त बनावट दारू पोचते तिथं काय होतं ते मध्य प्रदेशानं २०२१ मध्ये दोनदा पाहिलं, जानेवारीत मुरैना आणि जुलैत मंदसौर. त्यानंतर विषारी दारूमुळे मृत्यू झाल्यास जन्मठेप ते फाशीपर्यंतच्या शिक्षेची दुरुस्ती राज्यानं केली.

घरी कोणाला त्रास होत असेल तर

जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं की दारूची कुठलीही मात्रा सुरक्षित म्हणता येत नाही. कर्करोगाच्या ठाम कारणांत तिची नोंद १९८८ पासूनच आहे. ‘रोज थोडी हृदयाला चांगली’ हे वाक्य आता विसरायला हरकत नाही. पण कोणी पीत असेल तर पुढच्या गोष्टी जास्त कामाच्या.

लक्षणं ओळखा. सकाळी हात थरथरणं आणि घोट घेतल्यावर ते थांबणं, ठरवल्यापेक्षा दर वेळी जास्त होणं, रात्रीचं काही न आठवणं, पिण्यावरून खोटं बोलणं. वय २४ असलं तरी हे होऊ शकतं.

रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. देवाची शपथ घालून, खोलीत कोंडून तर अजिबात नाही. दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो आणि त्यात जीव जाऊ शकतो. हे डॉक्टरच्या देखरेखीखाली, औषधांवर करायचं काम आहे. इंदूरमध्ये एमवाय रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आणि बाणगंगेचं मानसिक रुग्णालय ही सरकारी ठिकाणं आहेत. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हे काम करतंय आणि तिथं मराठीतून बोलता येतं, याचा महाराष्ट्राबाहेरच्या घरांना मोठा आधार वाटतो. देशभर चालणारी मोफत व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६, आणि मानसिक त्रासासाठी टेलि-मानस १४४१६. फोन पिणाऱ्यानंच करायला हवा असं नाही. आई, बहीण, बायको, रूममेट, कोणीही करू शकतं.